शालेय निकषांतील भाषा आणि विज्ञान : भंडारा जिल्ह्याच्या आधारे एक परीक्षण

१

शालेय अभ्यासक्रमाचे निकष हा विषय भाषेच्या अभ्यासकाने सहसा आपला मानलेला नाही. अभ्यासक्रम हा शासनाचा दस्तऐवज. त्याची चिकित्सा शिक्षणशास्त्राने करावी आणि भाषाभ्यासकाने ग्रंथांकडे व बोलींकडे लक्ष द्यावे, अशी आपल्याकडील श्रमविभागणी आहे. तथापि निकष हे अखेर वाक्यांच्याच रूपाने अस्तित्वात असतात. त्यांतील क्रियापदे विद्यार्थ्याकडून काय मागतात, मागताना काय गृहीत धरतात आणि कशाविषयी मौन बाळगतात, हे प्रश्न प्रथमतः भाषेचे आहेत. म्हणून एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे त्याच पद्धतीने भाषा व विज्ञान या दोन विषयांच्या निकषांचे परीक्षण येथे योजिले आहे.

परीक्षणासाठी भंडारा जिल्हा समोर ठेवला आहे. मराठीच्या पूर्व सीमेवरील हा जिल्हा. येथील पुष्कळ मुले घरी झाडीबोली बोलतात, काही पोवारी, काही गोंडी वा हिंदी. शाळेत मात्र सर्वांना प्रमाण मराठीतून शिकावयाचे असते. निकषांत जे पुणे-मुंबईकडे सहज खपून जाते ते येथे अडते. आणि जेथे अडते तेथेच एखाद्या रचनेचे दोष स्पष्ट दिसतात.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : भाषेचे निकष व विज्ञानाचे निकष यांच्यामध्ये एक प्रदेश असा आहे की ज्याचे स्वामित्व कोणत्याच विषयाकडे नाही. विज्ञान ज्या मराठीत वाचावे लागते, समजावे लागते आणि उत्तरपत्रिकेत लिहावे लागते, त्या मराठीचा तो प्रदेश होय. विज्ञानाचे निकष ही मराठी विद्यार्थ्यास येतेच असे समजतात. भाषेचे निकष ती शिकवीत नाहीत. यामुळे जे भाषेचे अपयश असते त्याची नोंद विज्ञानाच्या अज्ञानात होते.

२

या विभक्तपणास इतिहास आहे. इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समितीची मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. वर्धा ही त्याच प्रांतातील. या योजनेच्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात मातृभाषा व सामान्य विज्ञान हे दोन्ही विषय होते. परंतु ते स्वतंत्र कप्प्यांत न ठेवता उद्योगाच्या अनुषंगाने शिकवावेत, असे ‘समवाया’चे तत्त्व तिने मांडले. सूत कातताना जे घडते ते पाहावयाचे, मोजावयाचे आणि त्याविषयी बोलावयाचे व लिहावयाचे. ही योजना पुढे टिकली नाही आणि तिच्यातील उद्योगाचा आग्रह अनेकांस जाचक वाटला, हे खरे. तथापि एखादी क्रिया जेथे घडते तेथेच तिची भाषा शिकविली पाहिजे, हा तिच्यातील भाषाविषयक विचार मात्र योजनेबरोबर टाकून दिला गेला.

पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक करण्याची शिफारस केली. ही शिफारस योग्यच होती. परंतु विज्ञान सर्वांसाठी झाल्यावर ते कोणत्या भाषारूपातून सर्वांपर्यंत पोचेल, हा प्रश्न त्या प्रमाणात विचारला गेला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळ्या ठरविल्या : भाषेच्या वेगळ्या, गणिताच्या वेगळ्या, परिसर अभ्यासाच्या वेगळ्या. महाराष्ट्राचा २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्ती यांनी शब्द बदलले, मांडणी सुधारली, पाठांतराऐवजी आकलनावर भर दिला. कप्पे मात्र तेच राहिले. ‘उद्दिष्टा’ची ‘क्षमता’ झाली आणि ‘क्षमते’ची ‘निष्पत्ती’ झाली. पण भाषेची समिती भाषेपुरती आणि विज्ञानाची समिती विज्ञानापुरती, ही व्यवस्था अबाधित आहे.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भाषा ही सर्व विषयांतून वाहते, प्रत्येक विषयाचा शिक्षक हा एका अर्थी भाषेचाही शिक्षक असतो, हा विचार मांडला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विज्ञानाची दर्जेदार पुस्तके घरच्या भाषेत उपलब्ध व्हावीत असे म्हटले आहे. परंतु तत्त्व आणि निकष यांत अंतर असते. तत्त्व प्रस्तावनेत राहते. वर्गात, प्रश्नपत्रिकेत आणि तपासणीत उतरतो तो निकष.

३

आता या निकषांची वाक्ये पाहू. २०१७ च्या निष्पत्तींत उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञानाच्या विद्यार्थ्याने काय करावे अशी अपेक्षा आहे? त्याने पदार्थ व सजीव निरीक्षणक्षम लक्षणांवरून ओळखावेत, त्यांत भेद करावा, वर्गीकरण करावे, साधी अन्वेषणे करावीत, प्रक्रियांचा त्यांच्या कारणांशी संबंध जोडावा, प्रक्रिया स्पष्ट कराव्यात, नावे दिलेल्या आकृत्या काढाव्यात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी या निष्पत्ती छापलेल्या असतात, म्हणून शिक्षकांस त्या परिचित आहेत.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या वाक्यांत कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापदही आहे. नाही ते करण. विद्यार्थी भेद करतो, परंतु कशाने? ‘स्पष्ट करणे’ ही क्रिया हाताने किंवा डोळ्याने होत नाही, ती वाक्याने होते. ‘कारणांशी संबंध जोडणे’ ही मनातली क्रिया असली तरी शिक्षकास ती दिसते ती ‘म्हणून’, ‘मुळे’, ‘कारण’ अशा शब्दांच्या द्वारेच. वरील यादीतील निरीक्षण व प्रयोग सोडले तर बहुतेक सर्व क्रिया भाषिक आहेत, आणि तरीही त्या कोणत्या भाषारूपाने व्हावयाच्या याविषयी निकष निःशब्द आहेत.

विज्ञानाने हे काम भाषेकडे सोपविले असेल असे समजून भाषेच्या निष्पत्तींकडे वळावे, तर तेथे कथा, कविता, प्रसंग, अनुभवकथन, पत्र, संवाद, बातमी यांचा विस्तार आहे. विविध प्रकारचे साहित्य वाचावे, त्यावर मत द्यावे, स्वतःचा अनुभव आपल्या शब्दांत मांडावा, हा त्यांचा रोख आहे. हस्तकला, शेती इत्यादींत वापरल्या जाणाऱ्या भाषेविषयी जिज्ञासा दाखवावी, असाही एक उल्लेख आढळतो आणि तो स्वागतार्ह आहे. तथापि जिज्ञासा दाखविणे वेगळे आणि त्या भाषेत विधान करता येणे वेगळे. व्याख्या कशी करावी, दोन पदार्थांतील भेद एका वाक्यात कसा बांधावा, घडलेल्या घटनेवरून सामान्य नियम कसा लिहावा, यांचे शिक्षण मराठीच्या तासास होत नाही. कारण ते मराठीच्या निकषांत नाही. मराठीचा तास बालकास भावना व अनुभव यांची भाषा देतो. ती देणे अवश्यच आहे. परंतु त्यापुढच्या तासाला त्याच बालकाकडून प्रमेयाची भाषा मागितली जाते.

४

भंडारा जिल्ह्यातील बालकाच्या बाबतीत ही मागणी दोन टप्प्यांची होते. घरच्या बोलीपासून प्रमाण मराठीपर्यंतचे एक अंतर, आणि प्रमाण मराठीपासून विज्ञानाच्या मराठीपर्यंतचे दुसरे. या दोन्ही अंतरांचे स्वरूप ध्वनी, शब्द व वाक्य अशा तीन पातळ्यांवर पाहता येते.

ध्वनीची पातळी त्यांतल्या त्यात सोपी. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीत ण, ळ, श, ष आणि छ ही व्यंजने नसल्याचे दाखविले आहे. ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’, ‘ष’ यांच्या जागी ‘स’. आता विज्ञानाची परिभाषा पाहावी : कण, प्रमाण, परिणाम, गुणधर्म, पेशी, पोषण, शोषण. ज्या ध्वनींचा बोलीत अभाव आहे त्यांचीच या शब्दांत गर्दी आहे. ‘पोषण’ हा शब्द बालक ‘पोसन’ असा उच्चारते व अनेकदा तसाच लिहिते. तपासणारा त्याखाली रेघ ओढतो. वस्तुतः ‘पोसणे’ हे क्रियापद मराठीत जिवंत आहे, आणि ‘पोषण’ व ‘पोसणे’ या दोहोंचे मूळ ‘पुष्’ या एकाच धातूत आहे. बालकाने जे लिहिले ते अशुद्ध खरे. परंतु अज्ञान नव्हे. उलट, त्याने परिभाषेतील शब्द नकळत त्याच्या जिवंत नातलगाशेजारी नेऊन बसविला आहे. विज्ञानाच्या उत्तरातील असे लेखन चुकीचे धरावे किंवा नाही, धरल्यास कोणत्या इयत्तेपासून, याविषयी निकषांत एक वाक्य असावयास हवे होते. ते नसल्यामुळे निर्णय तपासणाऱ्याच्या स्वभावावर सोडलेला आहे.

शब्दांच्या पातळीवर प्रश्न अधिक रंजक होतो, कारण येथे बोली दरिद्री नसून संपन्न आहे. हा जिल्हा धानाचा. पश्चिम महाराष्ट्रात उभ्या पिकासही ‘भात’ म्हणतात. भंडाऱ्यात शेतात असते ते धान, भरडल्यावर होतो तो तांदूळ आणि शिजल्यावर होतो तो भात. एकाच वस्तूच्या तीन अवस्थांस तीन निराळी नावे देणारी ही व्यवस्था वर्गीकरणाचा उत्तम पाठ आहे. ‘भाताची लावणी’ हा पश्चिमेकडील मराठीचा शब्दप्रयोग येथील बालकास क्षणभर तरी चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. त्याच्या घरी रोवणी होते ती पऱ्ह्यांची, आणि ती बांधीत होते. फेकून पेरण्याच्या पद्धतीस ‘आवत्या’ असे वेगळे नाव आहे. हलके, मध्यम व भारी हे धानाचे भेद पीक किती दिवसांत निघते यावरून केलेले आहेत. म्हणजे कालावधी हा निकष धरून केलेले ते वर्गीकरणच होय.

तलावांचे असेच. या जिल्ह्यातील जुने तलाव कोहळी समाजाच्या परंपरागत कौशल्याची साक्ष देतात. मालगुजारी नष्ट झाल्यावर ते शासनाकडे आले आणि आज ‘माजी मालगुजारी’ या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. तलावाची पार, पाणी सोडण्याचे तुडूम, पाणी नेणारी नहर, शेताजवळची लहान बोडी, ही सर्व नावे जलव्यवस्थापनाच्या परिभाषेची आहेत. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत; भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत; मोहाडीकडे कोशाचे कापड विणले जाते. खनिज, मिश्रधातू आणि कीटकाचे जीवनचक्र हे विज्ञानातील तिन्ही विषय या जिल्ह्यात नावांसह घरोघरी नांदत आहेत. निकष ‘दैनंदिन जीवनाशी संबंध’ जोडावयास सांगतात. परंतु हे दैनंदिन जीवन बहुधा नावावाचूनचे असते, कारण एका राज्यास एक पुस्तक आणि त्या पुस्तकास एकच दैनंदिन जीवन असते.

याच पातळीवरचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. काही शब्द बालकास येतात, पण विज्ञानात त्यांचा अर्थ वेगळा असतो. ‘कार्य’, ‘शक्ती’, ‘बल’, ‘चाल’, ‘वजन’ हे शब्द पाहावेत. डोक्यावर धानाचा भारा घेऊन तासभर एका जागी उभे राहणाऱ्या मजुराने भौतिकशास्त्राच्या दृष्टीने भाऱ्यावर काहीच कार्य केलेले नसते, कारण विस्थापन नाही. हे विधान बालकाच्या अनुभवाविरुद्ध जाते. येथे शब्द तोच, पण शास्त्राने त्याचा करार बदलला आहे, हे सांगणे भाषेच्या शिक्षकाचे काम की विज्ञानाच्या? अनेकार्थत्व हा भाषेचा विषय म्हणून विज्ञानशिक्षक ते सांगत नाही. ‘कार्य’ हा विज्ञानाचा पाठ म्हणून भाषाशिक्षक सांगत नाही.

५

तथापि खरी अडचण शब्दांत नसून वाक्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परिभाषेतील कठीण शब्द हा आपल्याकडे नित्य चर्चेचा विषय असतो. त्या चर्चेचे एक केंद्र तर याच प्रदेशात होते. डॉ. रघुवीर यांनी १९४६ मध्ये आपली संस्था लाहोरहून नागपुरास आणली आणि तेथे राहून संस्कृत धातूंवर आधारलेल्या परिभाषेचे प्रचंड कार्य केले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि परिभाषाकोशांची मालिका सुरू झाली. या कार्याची टिंगल करणे सोपे आहे. परंतु त्यावाचून मराठीत विज्ञान लिहिताच आले नसते. वाफेचे पाणी होण्याच्या एका क्रियेस ‘संघनन’ व ‘सांद्रीभवन’ असे दोन शब्द शालेय व्यवहारात वावरतात, ही गैरसोय आहे. पण ती कोशाने दूर होण्यासारखी आहे. वाक्याची अडचण कोशाने दूर होत नाही.

दोन वाक्ये तुलनेस घेऊ. शेतात गेलेले मूल म्हणेल : ‘खत कमी पडलं म्हणून पानं पिवरी पडली.’ पाठ्यपुस्तकाच्या धर्तीचे वाक्य असे होईल : ‘नत्राच्या कमतरतेमुळे हरितद्रव्याची निर्मिती मंदावते व पाने पिवळी पडतात.’ या दोहोंत केवळ ‘नत्र’ व ‘हरितद्रव्य’ या दोन शब्दांचाच फरक नाही. पहिल्या वाक्यात दोन घटना दोन क्रियापदांनी सांगितल्या आहेत आणि ‘म्हणून’ने जोडल्या आहेत. दुसऱ्यात ‘कमी पडणे’ या क्रियेचे ‘कमतरता’ हे नाम झाले, ‘निर्माण होणे’ याचे ‘निर्मिती’ झाले, आणि कारण ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात आटले. भूतकाळातील एक घटना जाऊन नित्य वर्तमानातील नियम आला. क्रियेस नाम करून तिच्याविषयी पुढचे विधान करणे, ही वैज्ञानिक गद्याची सर्वत्र आढळणारी प्रवृत्ती आहे. इंग्रजीच्या बाबतीत एम. ए. के. हॅलिडे यांनी तिचे विस्ताराने विवेचन केले आहे. मराठीत संस्कृत भाववाचक नामांमुळे ती अधिकच घट्ट होते.

दुसरे उदाहरण तलावाचे. ‘तलाव भरून असला की तुडुमातून पाणी जोरात येते,’ हे बालकाचे निरीक्षण. ‘द्रवाचा दाब खोलीवर अवलंबून असतो,’ हा पुस्तकातील नियम. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एकदम उडी मारता येत नाही. मधे एक पायरी लागते : ‘तलावातले पाणी जसजसे उतरते, तसतसा तुडुमातल्या पाण्याचा जोर कमी होतो.’ या पायरीत शब्द घरचेच आहेत. नवी आहे ती ‘जसजसे–तसतसे’ ही प्रमाणदर्शक रचना. तिच्यात दोन बदलत्या राशी एकमेकींशी बांधल्या जातात. ही रचना आली म्हणजे ‘जोर’ऐवजी ‘दाब’ आणि ‘उतरणे’ऐवजी ‘खोली’ हे शब्द बसविणे फार अवघड नाही. ती आली नाही तर नियम पाठ होतो, समजत नाही.

अशा रचना मोजक्या आहेत. व्याख्येसाठी ‘जो–तो’ अथवा ‘ज्यास–त्यास’, वर्गीकरणासाठी ‘पैकी’ व ‘यांपैकी’, कारणासाठी ‘म्हणून’, ‘मुळे’ व ‘कारण’, अटीसाठी ‘जर–तर’, प्रमाणासाठी ‘जसजसे–तसतसे’ व ‘जितके–तितके’, कर्ता गाळून कृती सांगण्यासाठी ‘केले जाते’, ‘मोजतात’ असे प्रयोग. यांतील सापेक्ष रचना तर मराठीच्या बोलींत मुरलेल्या आहेत. म्हणींमधून व उखाण्यांमधून त्या मुलांच्या कानांवरून गेलेल्या असतात. सहावी ते आठवी या तीन इयत्तांत त्या क्रमाने शिकविणे अशक्य नाही. तरीही कोणत्याही निकषात त्यांची नावे नाहीत.

६

हा विचार नवा आहे असा दावा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याच दशकात व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याने जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प म्हणून जे सुरू झाले त्यातून भाषा हा एक मोठा अडथळा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि विज्ञानाचा मजकूर सोप्या मराठीत पुन्हा लिहिण्याकडे त्यांनी लक्ष वळविले. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने प्रयोगास अग्रस्थान दिले व संज्ञांचा भार कमी ठेवला. तो २००२ मध्ये बंद करण्यात आला. या दोन्ही प्रयत्नांतून पुष्कळ शिकण्यासारखे होते. परंतु ते विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात जमा झाले, भाषेच्या निकषांत उतरले नाहीत.

अन्यत्रही प्रश्न उपस्थित झाला आहे. ब्रिटनमध्ये १९७५ च्या बुलक समितीच्या अहवालाने प्रत्येक शाळेत सर्व विषयांसाठी मिळून एक भाषाधोरण असावे असे सुचविले. अमेरिकेत २०१० मध्ये जे सामाईक निकष प्रसिद्ध झाले, त्यांतील भाषेच्या विभागात सहावीपासून पुढे विज्ञान व तांत्रिक विषयांतील वाचन-लेखनाचे निकष स्वतंत्रपणे दिले आहेत. तेथील निकषांवर पुष्कळ वाद झाला आणि त्यांचे अनुकरण करावे असेही नाही. परंतु विज्ञानाचा उतारा कसा वाचावा हे भाषेच्या निकषांत लिहिता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

७

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, विज्ञान हे करून पाहण्याचे शास्त्र आहे. त्यास भाषेच्या जंजाळात का ओढावे? उत्तर सरळ आहे. प्रयोग हातांनी होतो, परंतु त्याचा निष्कर्ष वाक्यात येतो. आणि परीक्षा तर सर्वस्वी वाक्यांचीच असते. भाषा बाजूस सारावयाची असेल तर आधी प्रश्नपत्रिका बाजूस सारावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलीस शाळेत स्थान दिल्यास बालक तेथेच अडकून राहील, पुढे त्याचे नुकसान होईल, ही भीती पालकांसही वाटते. शिवाय एकाच वर्गात झाडी, पोवारी, गोंडी व हिंदी बोलणारी मुले असता कोणत्या बोलीस स्थान द्यावे? या भीतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु येथे बोलीत विज्ञान शिकविण्याची मागणीच केलेली नाही. पुष्कळ शिक्षक तोंडी स्पष्टीकरण बोलीत करतातच. प्रश्न आहे तो बोलीतील निरीक्षणापासून प्रमाण मराठीतील नियमापर्यंतच्या पायऱ्या बांधण्याचा. त्या पायऱ्या वाक्यरचनेच्या असल्यामुळे आरंभ कोणत्याही बोलीतून होऊ शकतो. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तिच्यापासून येणाऱ्या बालकास पायऱ्या अधिक लागतील, पण लागतील त्या याच दिशेच्या.

तिसरा आक्षेप सध्या सर्वाधिक प्रभावी आहे, आणि तो बोलून नव्हे तर कृतीने घेतला जातो. मराठीतील विज्ञान कठीण, म्हणून विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकवावे, अशी सेमी इंग्रजीची वाट गावोगावच्या मराठी शाळांनीही धरली आहे. पालकांच्या आकांक्षेस दोष देण्यात अर्थ नाही; पुढील शिक्षण इंग्रजीत आहे हे ते जाणतात. परंतु या उपायाने अंतर मिटत नाही, केवळ झाकले जाते. ज्या बालकास ‘कमतरतेमुळे’ हे रूप उमगत नाही त्यास त्या जागी इंग्रजी नाम दिल्याने कार्यकारणभाव उमगत नाही. ते इंग्रजी वाक्य पाठ करते, आणि न समजल्याची लाज मात्र कमी होते, कारण इंग्रजी कोणालाच फारशी समजत नाही. शिवाय मराठीचे होणारे नुकसान वेगळेच. ज्या भाषेतून कारण, अट व प्रमाण यांची विधाने करण्याचे प्रसंगच काढून घेतले जातात ती भाषा हळूहळू गाणी, गोष्टी व भांडणे यांपुरती उरते.

अलीकडील वादाचा उल्लेख येथे अवश्य आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला, त्यावर राज्यभर वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी तो मागे घेण्याची घोषणा होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या सर्व चर्चेत भाषा किती असाव्यात व कोणत्या असाव्यात, याविषयी विपुल लिहिले-बोलले गेले. मराठी विषय म्हणून जो असेल त्यात नेमके काय शिकवावे, आणि त्या मराठीने विज्ञानाच्या तासास कोणती मदत करावी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. संख्येच्या वादात गुणाचा प्रश्न मागे पडला.

८

परीक्षणाचा निष्कर्ष केवळ निषेधात्मक असू नये, म्हणून तीन सूचना मांडतो. त्या निकष तयार करणाऱ्या मंडळांइतक्याच आपल्या विभागासही उद्देशून आहेत.

पहिली सूचना अशी की, विज्ञानाच्या प्रत्येक निष्पत्तीसमोर ती व्यक्त करण्यास लागणारी भाषिक रचना नोंदवावी, आणि तीच रचना त्याच इयत्तेच्या मराठीच्या निष्पत्तींत समाविष्ट करावी. यास नवा विषय, नवा तास वा नवे पुस्तक लागत नाही. दोन समित्यांनी एका मेजाशी बसणे लागते. सातवीच्या विज्ञानात ज्या वर्षी कारणमीमांसा मागितली जाते, त्या वर्षी मराठीच्या पुस्तकात एक तरी पाठ कारणमीमांसेच्या गद्याचा असावा.

दुसरी सूचना उत्तरपत्रिकेच्या तपासणीविषयी. विज्ञानाच्या उत्तरात संकल्पना बरोबर व लेखन बोलीप्रभावित असेल तर गुण कसे द्यावेत, हे निकषांतच स्पष्ट असावे. ‘पोसन’ लिहिणाऱ्या बालकास शुद्ध रूप अवश्य शिकवावे. परंतु ते मराठीच्या तासास, विज्ञानाचे गुण कापून नव्हे.

तिसरी सूचना संशोधनाची आहे. मराठीच्या साहित्यिक गद्याचे विवेचन आपण उदंड केले. शालेय वैज्ञानिक गद्याचे वर्णनात्मक व्याकरण मात्र आपल्यापाशी नाही. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सात तालुक्यांतून धान, तलाव, कोसा व पितळकाम यांची शब्दावली अर्थासह गोळा करणे, आणि त्याच गावांतील सहावी ते आठवीच्या मुलांच्या विज्ञानाच्या उत्तरांतील वाक्यरचनांचे विश्लेषण करणे, हा पदव्युत्तर प्रबंधिकांचा विषय होऊ शकतो. झाडीबोलीचा अभ्यास आजवर लोकगीते, दंडार व शब्दसंग्रह यांच्या अंगाने झाला. त्यास आता या दिशेने पुढे नेता येईल. अशा अभ्यासावाचून निकष तयार करणाऱ्यांस दोष देणे फारसे न्याय्य नाही, कारण त्यांनी मागितले असते तरी हे साहित्य आपण त्यांना देऊ शकलो नसतो.

तुडुमातून येणाऱ्या पाण्याचा जोर बदलतो हे ज्या बालकाने स्वतः पाहिले आहे, त्यास दाबाचा नियम येत नाही असा शेरा प्रगतिपुस्तकावर पडतो, तेव्हा तो शेरा नेमका कोणाविषयी असतो, याचा निर्णय वर्गशिक्षकाच्या हाती नाही. निकष लिहिणारी मंडळे आणि त्या मराठीचे वर्णन करण्याचे ज्यांचे काम आहे ते भाषाभ्यासक, या दोघांनी तो मिळून करावयाचा आहे.